भार हलका करताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या पुतणीने आमच्यावर एक काम सोपवले. दिसायला ते अगदी किरकोळ होते. आमचे वडील कोकणातल्या एका शाळेत बत्तीस वर्षे चित्रकला शिकवत असत. त्यांच्या निधनाला वर्ष होत आले तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक डिजिटल स्मरणिका काढण्याचे ठरवले, आणि तिच्या जुळवाजुळवीचे काम पुतणीकडे आले. स्मरणिकेत वडिलांची जलरंगातली निसर्गचित्रे असणार होती, फळ्यावरच्या खडूचित्रांची दोन छायाचित्रे असणार होती. शिवाय तिच्या मनात होते ते 'छत्रीवाला आजोबा'. आमच्या घरात या नावाने एक वही ओळखली जाते. तिची हलती प्रतिमा करून द्यावी, फक्त ती दोन एमबीच्या आत बसावी, अशी तिची अट होती. "काका, स्मरणिकेत त्याहून मोठी फाईल चढतच नाही," असे तिने फोनवर सांगितले, आणि आम्ही "त्यात काय एवढे" असे म्हणून फोन ठेवला.

'छत्रीवाला आजोबा' म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. १९७४ च्या पावसाळ्यात आम्हांला गोवर निघाला. आम्ही सात वर्षांचे होतो. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची सक्ती होती. त्या दिवसांत वडिलांनी एका दोनशेपानी वहीच्या उजव्या पानांवर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने एक म्हातारा काढला. प्रत्येक पानावर तोच म्हातारा, पण किंचित पुढे सरकलेला. अंगठ्याने पाने भरभर सोडली की म्हातारा चालू लागे. पाऊस येई, म्हातारा छत्री उघडी, वाऱ्याने छत्री उलटी होई, तो ती खाली ठेवी, छत्रीत पाणी साचे, पाऊस थांबे, म्हातारा ओणवा होऊन त्या पाण्याकडे बघत उभा राही, आणि मग त्यातून एक बेडूक उडी मारून त्याच्या टोपीवर बसे. वही 'दोनशेपानी' म्हणून विकली जात असली तरी तिच्यात कागद ९६ भरले, आणि चित्रेही तितकीच आहेत.

सिनेमाच्या इतिहासात या प्रकाराला मोठे कूळ आहे, हे आम्हांला पुढे कळले. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'चा घाट घालण्यापूर्वी, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतराने एकेक चौकट घेऊन टिपली होती. 'अंकुराची वाढ' या नावाने तो लघुपट ओळखला जातो. फाळकेही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. आमच्या वडिलांना हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे. त्यांनी ती वही आजारी मुलाला गप्प ठेवण्यासाठी केली होती.

आमचे आयुष्य दुसऱ्यांच्या मजकुराचे संपादन करण्यात गेले. चाळीस पानांचा लेख बारा पानांत बसवणे हा आमचा व्यवसाय, आणि खरे सांगायचे तर अभिमानाचा विषयही. त्यामुळे हलत्या प्रतिमेचा भार कमी करणे हे आपल्याच जातीचे काम आहे, असा आमचा समज झाला. तो समज पूर्ण चुकीचा नव्हता. पण तो कुठे चुकला ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

हलत्या प्रतिमांचा जो प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे, त्याला जिफ म्हणतात. कोणी गिफ म्हणतात. १९८७ च्या जून महिन्यात कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीने तो प्रसिद्ध केला. ज्यांच्या नेतृत्वाखाली तो घडला ते स्टीव्ह विल्हाइट हे शेवटपर्यंत 'जिफ' हाच उच्चार खरा असे बजावत राहिले, आणि जगाने त्यांचे पुरते ऐकले नाही. विल्हाइट २०२२ च्या मार्चमध्ये निवर्तले. या प्रकाराचा जन्मच मुळी टंचाईच्या पोटी झाला. त्या काळी संगणक टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशी बोलत, आणि सेकंदाला २४०० बिट म्हणजे तीनशे बाइट हा वेग चांगला समजला जाई. त्या वेगाने तीस हजार बाइटचे एक चित्र उतरवायला शंभर सेकंद लागत. तेव्हा चित्र जितके हलके, तितका ग्राहकाचा वेळ आणि पैसा वाचणार, असा तो हिशेब होता. चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग, ही मर्यादा तेव्हापासूनची. १९८९ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. तीत प्रत्येक चौकट पडद्यावर किती वेळ थांबवायची हे सेकंदाच्या शंभराव्या भागात सांगण्याची, आणि एक रंग पारदर्शक मानण्याची सोय झाली. चित्र संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावे, अखंड फिरत राहावे, ही युक्ती मात्र नेटस्केप या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीने प्रचारात आणली.

आज हीच चित्रे व्हिडिओच्या रूपात साठवली तर कितीतरी कमी जागा घेतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण स्मरणिकेत व्हिडिओ ठेवायची सोय नव्हती, आणि असती तरी आम्ही बहुधा जिफच निवडला असता. त्याला सुरू करण्याचे बटण नसते, आवाज नसतो, आणि तो संपतच नाही. वहीचे शेवटचे पान उलटले की आम्ही "परत" म्हणत असू. जिफला तेवढेही सांगावे लागत नाही.

या प्रकारात संकोचनाची जी पद्धत वापरतात ती एलझेडडब्ल्यू या नावाने ओळखली जाते. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या इस्रायली संशोधकांनी १९७७ व १९७८ साली मांडलेल्या कल्पनेला टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये सुटसुटीत रूप दिले. लेम्पेल आणि झिव दोघेही २०२३ साली, एकमेकांपाठोपाठ, निवर्तले. त्यांची कल्पना मराठी वाचकाला समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्या जुन्या पत्रव्यवहारात तिचे भावंड नांदत होते. "ति. स्व." असे लिहिले की वाचणारा "तीर्थस्वरूप" वाचतो, "शि. सा. न. वि. वि." एवढ्या पाच अक्षरांत शिरसाष्टांग नमस्कार घडतो आणि विनंतीही होते. जे वारंवार येते त्याला एक लहान खूण द्यायची, आणि पुढे ती खूणच पाठवायची. पाणिनीने हेच फार वरच्या पातळीवर केले. चौदा सूत्रांत वर्णांची विशिष्ट क्रमाने मांडणी केल्यावर सगळ्या स्वरांसाठी 'अच्' आणि सगळ्या व्यंजनांसाठी 'हल्' एवढे म्हटले की पुरे. व्याकरणकारांना अर्धी मात्रा वाचली तरी मुलगा झाल्याइतका आनंद होतो, असे आपल्याकडे विनोदाने सांगतात; ज्याने कधी काही छापखान्यात पाठवले आहे त्याला त्यातला विनोद कमी आणि सत्य अधिक जाणवते.

मात्र एलझेडडब्ल्यूचे एक वैशिष्ट्य पत्रातल्या संक्षेपांहून निराळे आहे, आणि ते आम्हांला फार आवडले. "ति. स्व."चा अर्थ वाचणाऱ्याला आधीपासून ठाऊक असावा लागतो. या पद्धतीत खुणांचा कोश बरोबर पाठवत नाहीत, आणि तो आधी ठरलेलाही नसतो. पाठवणारा चित्र डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ वाचत जातो, आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या रंगक्रमांना नवनव्या खुणा देत जातो. घेणारा त्या खुणा उलगडता उलगडता नेमका तसाच कोश आपल्या बाजूला रचत जातो. ४०९६ नोंदी भरल्या की कोश भरला. मग तो पुसून नव्याने सुरुवात करता येते. दोघांनी एकच गोष्ट एकाच क्रमाने वाचली आहे, एवढ्या भांडवलावर ते एकमेकांना समजतात.

या सुंदर कल्पनेभोवती पुढे कज्जेही झाले. तिचे पेटंट युनिसिस या कंपनीकडे होते, आणि १९९४ च्या डिसेंबरात जिफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरवर परवानाशुल्क लागणार असे जाहीर झाले तेव्हा एकच गहजब उडाला. त्या रागातूनच पीएनजी हा पेटंटमुक्त प्रकार जन्माला आला. अमेरिकेतले ते पेटंट २० जून २००३ रोजी संपले. असो. आमच्या कामाला आता कोणाची परवानगी लागत नव्हती.

आम्ही वहीची ९६ पाने स्कॅन केली. प्रत्येक चौकट ६०० पिक्सेल रुंद आणि ४०० पिक्सेल उंच ठेवली. दोन चौकटींमध्ये शंभरांश सेकंदाच्या बारा मात्रा, म्हणजे सगळा खेळ साडेअकरा सेकंदांचा. शिवाय आरंभी एक शीर्षक घातले: वडिलांचे नाव, वर्ष, आणि खाली बारीक अक्षरात "संकलन" म्हणून आमचे. हे शीर्षक ठिपक्याठिपक्यांनी विरत जाऊन त्यातून पहिले पान उमटावे, आणि शेवटचे पान तसेच विरत जाऊन शीर्षक परत यावे, अशी रचना केली. त्यासाठी बारा आणि बारा अशा चोवीस चौकटी वाढल्या. ते फार शोभिवंत दिसत होते. फाईल भरली एकवीस एमबी.

आता एकविसाचे दोन करायचे होते. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आमची पाने एकमेकांवर नीट बसत नव्हती. स्कॅनरवर वही ठेवताना एक पान केसभर वर, एक केसभर खाली झाले होते. डोळ्यांना ते जाणवत नव्हते, पण यंत्राच्या लेखी प्रत्येक चौकट सर्वस्वी नवी होती. जिफमध्ये संबंध चौकट पुन्हा साठवण्याची गरज नसते. मागच्या चौकटीहून जेवढा भाग बदलला तेवढाच चौकोन साठवता येतो, आणि त्या चौकोनातही जे ठिपके बदलले नाहीत ते पारदर्शक ठेवता येतात. सारखेच पारदर्शक ठिपके सलग आले की एलझेडडब्ल्यूचे काम सोपे होते. पण त्यासाठी जे स्थिर आहे ते खरोखर स्थिर असावे लागते. वहीच्या समासाची तांबडी रेघ खूण धरून आम्ही ९६ पाने एकावर एक जुळवली. दोन संध्याकाळी गेल्या.

दुसरी गोष्ट रंगांची. आमच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक चौकटीला २५६ रंगांचा स्वतंत्र तक्ता दिला होता. एका रंगाला तीन बाइट, म्हणजे एक तक्ता ७६८ बाइटचा. १२० चौकटींचे नुसते तक्तेच नव्वद हजार बाइटांच्या वर गेले होते. सर्वांना मिळून एकच तक्ता पुरतो. शिवाय कमी रंगांत जास्त रंगांचा भास व्हावा म्हणून ते ठिपके विखरत होते. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली दाखवलेली ही युक्ती डोळ्यांना गोड वाटते. पण ओळीत सारखेपणा शोधणाऱ्या पद्धतीला ती विषासारखी आहे, कारण जिथे सपाट करडा होता तिथे ती ठिपक्यांची रांगोळी विसकटून टाकते. आम्ही विखुरणे बंद केले. फाईल चौदावर आली.

मग ६०० चे ४८० आणि ४०० चे ३२० केले. बाजू पाचव्या हिश्श्याने घटल्या की ठिपके एकतृतीयांशाहून अधिक घटतात. शाळेत शिकलेले क्षेत्रफळ इतक्या वर्षांनी असे उपयोगी पडले. नऊ एमबी. मग २५६ रंगांचे सोळा करडे केले. पेन्सिलीला याहून अधिक लागत नाहीत. साडेचार.

इथपर्यंत आम्ही निर्धास्त होतो. संपादकाला हे परिचयाचे असते: पाल्हाळ आणि द्विरुक्ती काढली, समास नीट केला, तरी लेखकाचे काही गेले नाही. त्यानंतर मात्र जे राहिले ते सगळे वहीचे होते.

उदाहरणार्थ, कागद. पन्नास वर्षांचा कागद पांढरा नसतो. त्यात तंतू असतात, बुरशीचे तांबूस ठिपके असतात, मागच्या बाजूची शाई उमटलेली असते. आमची वही मुळात गुणांची वही होती. डाव्या पानांवर इयत्ता आठवीच्या मुलांची नावे आणि चित्रकलेचे गुण आहेत, आणि ते उजव्या पानांवर उलट्या अक्षरांत अंधूक दिसतात. प्रत्येक पानाचा कागद वेगळा, त्यामुळे कितीही जुळवले तरी पार्श्वभूमी चौकटीगणिक बदलत राहणार. सॉफ्टवेअरच्या भाषेत हा सगळा 'नॉइज', म्हणजे गोंगाट. आम्ही एका ठराविक छटेच्या वरचे सगळे पांढरे करून टाकले. कागद नाहीसा झाला, आठवीची मुले नाहीशी झाली, म्हातारा पांढऱ्या पोकळीत चालू लागला. दोन पूर्णांक सहा.

मग एडी कोहलर यांचे गिफसिकल हे साधन हाती घेतले. त्यात एक सोय अशी आहे, की कोशातल्या एखाद्या क्रमाशी चित्र तंतोतंत जुळत नसेल, पण जवळपास जुळत असेल, तर जुळले असे मानायचे. किती ढिलाई चालेल हा आकडा आपण द्यायचा. आकडा वाढवला की भार घटतो आणि चित्रात आडव्या फराट्या दिसू लागतात. या ढिलाईचा फटका सर्वांत आधी पावसाला बसला. वडिलांनी पाऊस तिरक्या रेघांनी काढला आहे, प्रत्येक पानावर नव्याने, कुठेही साचा न वापरता. आडव्या ओळीने वाचणाऱ्या यंत्राला तिरकी रेघ महाग पडते, आणि दर वेळी वेगळी असली तर फारच महाग. पावसाची तीसएक पाने बाकीच्या सगळ्या पानांना भारी होती.

शेवटी नजर गेली ती ६१ ते ६६ या पानांवर. पाऊस थांबला आहे, म्हातारा ओणवा होऊन छत्रीतले पाणी बघतो आहे. सहा पानांवर तेच चित्र. येथे जिफची एक फार नामी सोय उपयोगी पडते: सहा सारख्या चौकटींऐवजी एकच ठेवायची, आणि तिचा वेळ बाराच्या ऐवजी बहात्तर शंभरांश करायचा. वेळ तोच, भार एका चौकटीचा. आम्ही पाच पाने काढून टाकली. फाईल एक पूर्णांक नऊ झाली, आणि आम्ही ती पुतणीला पाठवण्यापूर्वी आईला दाखवायला नेली. आई सत्याऐंशी वर्षांची आहे.

आईने मोबाईल डोळ्यांजवळ धरून तीन-चार फेऱ्या पाहिल्या. मग म्हणाली, "हा इथे मेला का रे?"

आम्ही विचारले, कुठे. "हा पाणी बघतो तिथे. वहीत तो उभा असतो तेव्हा जिवंत असतो. इथे खांबासारखा झालाय."

घरी येऊन आम्ही ती सहा मूळ चित्रे एकाखाली एक ठेवून पाहिली. ती सारखी नव्हती. हाताने सहा वेळा काढलेला एकच म्हातारा सहा वेळा केसभर वेगळा निघतो; पाठीची रेघ थोडी चढते, थोडी उतरते, टोपीची कड हलते. पाने सुटली की त्या फरकांतून तो श्वास घेतो. आम्ही जिला द्विरुक्ती समजलो ती द्विरुक्ती नव्हती. वडिलांना एकाच चित्रावर थांबायचे असते तर अंगठा थांबवता आला असता. त्यांनी म्हाताऱ्याला वाट पाहायला लावले होते, आणि वाट पाहणारा माणूस हलतो.

आईने दुसरेही काही विचारले होते, आणि ते आम्ही त्या दिवशी जरा टाळले होते. "आणि तो पिवळा डाग कुठे गेला?" वहीच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे अंगठा पडतो तिथे, पानापानावर पिवळसर ठसे आहेत. काही पानांवर गडद, काहींवर अगदी फिके. सोळा करड्या छटांच्या तक्त्यात पिवळा नव्हताच. आणि कागद पांढरा करताना उरलेसुरले ठसेही पुसले गेले. जुन्या वहीचा मळ तो, बाबांच्याच अंगठ्याचा असणार, पण काढावा लागला, असे आम्ही म्हणालो.

"ह्यांच्या अंगठ्याचा? ह्यांनी वही काढून दिली आणि शाळेत गेले," आई म्हणाली. "दिवसभर तुझं 'परत, परत' कोण पुरवत होतं? फोडणी टाकून यायची, पानं सोडायची, परत चुलीशी जायची. हळद आहे ती."

आम्हांला त्या आजारातले वडील लख्ख आठवतात. उशाशी बसून पाने सोडणारा हात आठवतो, आणि तो हात वडिलांचा आहे अशी आमची पन्नास वर्षे खात्री होती. ते संध्याकाळी येत, हे खरे; काही वेळा त्यांनीही पाने सोडली असतील. पण हळदीचे ठसे खोटे बोलत नाहीत. चित्रे ज्याने काढली त्याची आठवण राहिली, आणि जिने ती दिवसातून चाळीस वेळा हलवली तिची गेली. हे काम कोणत्याही सॉफ्टवेअरने केलेले नव्हते. वारंवार घडते त्याला एक लहान खूण द्यायची आणि तपशील सोडून द्यायचा, ही पद्धत स्मृतीची आहेच; आमच्या खुणेत मात्र माणूसच चुकीचे पडले होते.

आम्ही फाईल पुन्हा उघडली. ६१ ते ६६ ही पाने सहाच्या सहा परत ठेवली. ढिलाईचा आकडा खाली आणला, म्हणजे पाऊस पावसासारखा दिसू लागला. सोळा करड्यांपैकी दोन छटा एकमेकींना इतक्या जवळ होत्या की एक गेली तरी कोणाला कळले नसते. ती काढून तिच्या जागी हळदीचा पिवळा बसवला. कोपऱ्याचा तेवढा तुकडा पांढरा करण्यातून वगळला, आणि पिवळ्याचे सपाट ठिगळ जसेच्या तसे उमटू दिले. तक्ता तेवढाच राहिला, पण ठसे प्रत्येक पानावर निराळे असल्यामुळे भार वाढलाच. दोन पूर्णांक तीन.

तीन लाख बाइट कुठून तरी काढायचे होते. कागद आधीच गेला होता, आठवीची मुले गेली होती. आम्ही चौकटीचौकटीचा भार मांडून पाहिला, आणि मग उत्तर डोळ्यांसमोर उभे राहिले. सर्वांत जड होत्या त्या आमच्या स्वतःच्या चोवीस चौकटी. ठिपक्याठिपक्यांनी विरणे म्हणजे यंत्राच्या दृष्टीने शुद्ध अव्यवस्था. कुठला ठिपका केव्हा पालटेल याला नियम नाही, म्हणून कोशाला पकडायला काही सापडत नाही. ४८० गुणिले ३२० म्हणजे दीड लाखाहून अधिक ठिपके. प्रत्येक ठिपका पालटला की नाही एवढे एकेका बिटात सांगायचे म्हटले तरी एका चौकटीला जवळजवळ वीस हजार बाइट लागतात. तशा चोवीस. जवळपास अर्धा एमबी आमच्या शोभेला आणि आमच्या नावाला लागत होता, आणि तो वाचावा म्हणून आम्ही वडिलांचा पाऊस पुसला होता. दुसऱ्याच्या लेखात हे आम्हांला पहिल्या वाचनात दिसले असते.

शीर्षक काढले. एक पूर्णांक आठ.

फाईल पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी पुतणीचा फोन आला. तिला ती आवडली होती. "फक्त काका, कोपऱ्यात पिवळे डाग राहिलेत तेवढे काढून द्याल का? सगळं चित्र करडं आहे, ते वेगळे दिसतात." आम्ही तिला सांगितले की ते राहिलेले नाहीत, ठेवलेले आहेत, आणि का ते आजीला विचार. तिने विचारले असावे, कारण डागांविषयी ती पुन्हा काही बोलली नाही. उलट तिने विचारले की शीर्षक नाही, तर चित्राखाली काय लिहायचे.

आम्ही एक ओळ लिहून दिली. तीत आधी वडिलांचे नाव आणि "चित्रे" असे लिहिले, मग आईचे नाव आणि "पाने सोडणे" असे. संगणकाच्या आजच्या रीतीप्रमाणे देवनागरीच्या एकेका खुणेला तीन बाइट लागतात, इंग्रजीच्या तिप्पट, म्हणून सवयीने आम्ही त्या ओळीचाही हिशेब करून पाहिला. दोनशे बाइटसुद्धा भरले नाहीत. मर्यादेच्या आत अजून पुष्कळ जागा होती. पण घालण्यासारखे आणखी काही आमच्याकडे नव्हते.